हात परत येतो म्हणजे काय?

(माजलगाव येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरं संक्षेपानं दिली आहेत.)



विषय डॉक्टरांचा आणि बोलायला उभा राहिलाय तत्त्वज्ञानाचा मास्तर, हे कसं काय, असं काहींच्या मनात आलंच असेल. गोळ्या-औषधांचं मी काही सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण 'माझा हात' या दोन शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे. आम्ही तो वर्गात खडू हातात धरून विचारतो. ज्याला पक्षाघात झालाय त्याच्यापुढे तो एका सकाळी उठल्या उठल्या येऊन उभा राहतो. हात आहे, दिसतोय, गरम लागतोय, आणि ऐकत नाही.

आपल्याकडे याला काय म्हणतात? 'अंगावरून वारं गेलं.' पुस्तकी शब्द अर्धांगवायू, म्हणजे तिथंही वायूच. हा शब्द जुन्या वातविचारातून आला आणि त्याचा एक तोटा झाला. वारं अंगावरून गेलं म्हटलं की इलाज अंगावर होतो. तेल, शेक, मालिश, लेप. बिघाड मात्र अंगात झालेलाच नसतो. तो झालेला असतो डोक्यात. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गाठीनं बंद पडते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा तुकडा मरतो. डाव्या मेंदूत झालं तर उजवी बाजू जाते, उजव्या मेंदूत झालं तर डावी, कारण मेंदूकडून खाली येणारे बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात. हात चांगला आहे. हाताला सांगणारा गेलाय. ही एवढी गोष्ट घरच्यांना पहिल्या दिवशी कळली, तर पुढचं बरंच काही बदलतं.

आता एक उदाहरण घेतो. ते तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचं आहे, पण या बाजूनं आपण त्याच्याकडे बघत नाही.

मे 1888 मध्ये मुंबईत जोतिराव फुल्यांचा जाहीर सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय एकसष्ट. उपचार केले ते त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. त्या काळी उपचार तरी काय असणार? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं रिव्हा-रोचीचं यंत्रच 1896 साली आलं, म्हणजे फुले गेल्यानंतर सहा वर्षांनी. ज्या दुखण्यानं माणूस पडतो त्याचं मुख्य कारण मोजायचीही सोय नव्हती.

आणि या अवस्थेत फुल्यांनी काय केलं? डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ डाव्या हातानं लिहिलेला आहे. 1889 साली तो लिहून झाला. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले आणि पुस्तक छापून आलं 1891 मध्ये. आपण हे जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. मी आज जरा वेगळा प्रश्न विचारणार आहे. उजव्या हाताचं काय झालं?

हा प्रश्न त्यांच्या थोरवीला कमीपणा आणायला विचारत नाहीये. आज पक्षाघातातून उठणाऱ्या प्रत्येक माणसापुढे हाच पेच असतो म्हणून विचारतोय. गेलेला हात परत आणायचा की राहिलेल्या हातानं काम भागवायचं? पहिल्याला आपण पुनर्प्राप्ती म्हणू, दुसऱ्याला भरपाई. वरून बघितलं तर दोन्हींत काम होतंच. घास तोंडात जातो, सही होते, गुंडी लागते. पण आत, मेंदूत, त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी एकमेकींच्या आड येतात.

आड कशा येतात ते एका अमेरिकन संशोधकानं दाखवलं, एडवर्ड टॉब त्याचं नाव. त्यानं माकडांच्या एका हाताकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदनेच्या नसा कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या. तरी माकडं तो हात वापरेनात. मग टॉबनं त्यांचा चांगला हात बांधून ठेवला, आणि ज्या हाताबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती त्यानं माकड खाणं उचलायला लागलं! म्हणजे हातात ताकद होती, पण तो न वापरणं माकड शिकलं होतं. सुरुवातीला प्रयत्न केला, जमलं नाही, दुसऱ्या हातानं झटकन झालं, आणि असं शंभर वेळा झालं. न वापरणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, हे टॉबचं म्हणणं. (त्या माकडांच्या हालांवरून 1981 मध्ये मोठं प्रकरण झालं, पोलिसांची धाड पडली, खटला चालला. प्राण्यांच्या हक्कांची अमेरिकेतली चळवळ त्यातून वाढली. ज्ञान कुठून येतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा आणखी एका व्याख्यानाचा विषय आहे.)

त्यातून माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा, जागेपणाच्या नव्वद टक्के वेळ, आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं, दोन आठवडे. 2006 साली अमेरिकेत 222 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले हे लोक होते. ज्यांनी हा उपचार घेतला त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. पण यात एक अट होती, ती ऐका. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत, निदान दहा अंश. जो हात पूर्ण लुळा आहे, त्याच्या मालकाचा चांगला हात बांधणं हा उपचार नाही, तो छळ आहे. त्यामुळे इथून घरी जाऊन कुणी आजोबांचा हात धोतराला बांधू नका.

आता हातच का मागं राहतो ते सांगतो. तुम्ही पाहिलं असेल, माणूस महिना-दोन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागतो, पण हात छातीशी दुमडलेला तसाच. नातेवाईक म्हणतात, 'पाय आला, हात राहिला.' याची कारणं आहेत. मेंदूच्या ज्या मधल्या रक्तवाहिनीत बहुतेक वेळा घोटाळा होतो तिच्या वाट्याला हात आणि चेहरा येतो; पायाचा भाग दुसऱ्या वाहिनीकडे. शिवाय चालण्याची मांडणी मणक्यातल्या मज्जारज्जूत आणि मेंदूच्या खालच्या भागांत बरीचशी तयार असते, पाय ताठ राहिला तरी खांबासारखा उपयोगी पडतो. हाताचं तसं नाही. सुईत दोरा ओवायचा तर प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम लागतो, आणि तो थेट वरून यावा लागतो. मेंदूच्या नकाशात तळहात आणि बोटांची जागा अख्ख्या धडापेक्षा मोठी आहे. ज्याची जहागीर मोठी त्याचं नुकसान मोठं.

नेदरलँड्समध्ये एक साधी पाहणी झाली. पहिल्या 72 तासांत रुग्णाला खांदा थोडा बाजूला उचलता येतो का, आणि बोटं थोडी उघडता येतात का, एवढंच बघायचं. दोन्ही जमलं तर सहा महिन्यांनी हाताला काही ना काही कसब येण्याची शक्यता 98 टक्के. दोन्ही नाही जमलं तर 25 टक्के. यंत्र नाही, स्कॅन नाही, नुसती बोटं. मला हे कठोर वाटतं आणि उपयोगीही वाटतं. घरच्यांना खोटी आशा नको तशी खोटी निराशाही नको, आणि 25 टक्के म्हणजे चारातला एक, हेही विसरू नये.

यात लक्षात घ्या, बोटं मिटणं कुणी विचारलं नाही, उघडणं विचारलं. इथं मला आमच्या सांख्यांची आठवण होते. सांख्यांनी पाच कर्मेंद्रियं सांगितली, त्यात हात म्हणजे 'पाणि', आणि त्याचं काम सांगितलं 'आदान', घेणं. नैयायिकांनी कर्मेंद्रियं हा प्रकारच मानला नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण पक्षाघाताच्या रुग्णाकडे बघितलं की सांख्यांची यादी अपुरी वाटते. मूठ वळणं आधी परत येतं. तांब्या धरता येतो, आणि मग तो सुटत नाही! स्नायू आखडतात, बोटं आत वळतात, माणूस दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडतो. सोडणं हे हाताचं अर्धं काम आहे आणि अवघड अर्धं. म्हणून रबराचा चेंडू देऊन 'दाबत बसा' म्हणण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिच्याबद्दल अनेक फिजिओथेरपिस्ट कुरकुरतात. ज्याची मूठ आधीच आवळलेली आहे त्याला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार?

माझे थोरले बंधू शेतकरी होते. त्यांना हा आजार झाला तेव्हा आम्ही चेंडू आणला होता, ते त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. नंतर एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलं, 'दादा आयुष्यभर काय करत होते?' म्हटलं कापूस. तिनं बोंडं मागवली. कापूस वेचताना अंगठा आणि दोन बोटं पुढं जातात, उघडतात, चिमटीत धरतात, ओढतात आणि मग ओटीत सोडतात. धरणं आणि सोडणं दोन्ही. पहिल्या दिवशी त्यांना एका बोंडाला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, पण दादांनी चेंडू फेकून दिला होता आणि बोंड फेकलं नाही. पुढं शेंगा निवडणं, मग तांब्या, मग भाकरीचा तुकडा मोडणं. हात पूर्वीसारखा झाला नाही. सदऱ्याची गुंडी शेवटपर्यंत वहिनीच लावायच्या. पण घास स्वतःचा स्वतः घ्यायला लागले.

यामागचं शास्त्र असं. 1996 मध्ये रँडॉल्फ नुडो या संशोधकानं माकडांच्या मेंदूत हाताच्या जागेवर बारीक इजा करून पाहिलं. नुसतं सोडून दिलं तर शेजारची शाबूत हाताची जागाही आकसते. बारीक वस्तू उचलायचा सराव करून घेतला तर ती टिकते, काही ठिकाणी पसरतेही. म्हणजे मेंदू रिकामी जमीन पडीक ठेवत नाही. कसली तर तुमची, नाही तर शेजारी बांध कोरतो. बीड जिल्ह्यात हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

मग किती कसायची? प्राण्यांच्या प्रयोगांत एका बैठकीत चारशे-सहाशे वेळा तीच हालचाल होते. आणि रुग्णालयात? अमेरिकेतल्या एका पाहणीत मोजलं तर हाताची उपयोगी हालचाल एका बैठकीत सरासरी 32 वेळा होत होती. बत्तीस! आपल्याकडे तर आठवड्यातून दोनदा कुणी आलं तरी नशीब. म्हणजे उरलेलं घरात व्हायला हवं.

इथं मला 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाबद्दल सांगायलाच हवं, कारण तो आपल्या सोयीचा नाही. 'अटेंड' त्याचं नाव. देशातली 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण. अर्ध्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम करून घ्यायला शिकवलं, घरी पाठवलं, वर काही भेटी दिल्या. अर्ध्यांना नेहमीचीच सेवा. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. बऱ्याच लोकांना धक्का बसला. आपल्याला वाटत होतं, भारतात फिजिओथेरपिस्ट कमी पण कुटुंबं मोठी, काम भागेल.

यावरून घरच्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. मला त्यातून इतकंच दिसतं की तीन-चार दिवस शिकवलेली सून म्हणजे प्रशिक्षित माणसाचा स्वस्त पर्याय नव्हे. तिला आधीच स्वयंपाक, जनावरं, पोरं. आणि शासन जेव्हा म्हणतं की कुटुंबानं बघावं, तेव्हा कुटुंबातलं नेमकं कोण बघतं हे आपल्याला माहीत आहे. फुल्यांच्याच नावाची जन आरोग्य योजना आहे, ती मुख्यतः दवाखान्यात भरती असतानाच्या उपचारांची. हात मात्र घरी आल्यावर परत येतो, सहा-सहा महिने. त्या महिन्यांचा खर्च कुणाच्या खात्यात आहे?

हा प्रश्न या तालुक्यात जास्त टोचतो. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. माणूस मोजायची ही भाषाच हाताची आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि फडावर, उन्हात, बीपीची गोळी कधीच न घेतलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात जातो. गाठीमुळे झालेला झटका असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. फडावरून तालुका, तालुक्यातून अंबाजोगाई नाही तर संभाजीनगरची घाटी. वेळेचा हिशेब तुम्हीच करा. हात जातो, उचल मात्र राहते. अशा माणसाला मी 'सराव करा, चारशे वेळा' म्हणतो तेव्हा त्याची बायको विचारते, 'आणि खायचं काय?' तिचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा आधीचा आहे.

आता फुल्यांकडे परत येतो. त्यांनी उजव्या हातामागं लागायला हवं होतं का? टॉब कदाचित हो म्हणाला असता. मी नाही म्हणतो. हात हा कशासाठी तरी असतो. ॲरिस्टॉटलनं हाताला सगळ्या हत्यारांमागचं हत्यार मानलं होतं. फुल्यांच्या हाताला त्या वेळी एकच काम होतं, तो ग्रंथ पुरा करणं, आणि वेळ होता दोन वर्षं. त्यांनी काम निवडलं, मग हात निवडला. भरपाई हा शब्द इथं हिणकस नाही.

पण फरक असा की ते त्यांनी स्वतः निवडलं. आपल्या घरांत हे रुग्णाच्या वतीनं दुसरेच निवडतात, आणि तेही प्रेमानं. 'राहू द्या, मी भरवते.' 'तुम्ही बसा, मी करतो.' दुबळा हात पुढं यायच्या आत घरातले चार चांगले हात पुढं येतात. टॉबच्या माकडाला चांगला हात एकच होता. आपल्या रुग्णाला अख्ख्या घराचे असतात, मग त्याचा स्वतःचा हात कशाला शिकेल? हात वर जाणं आणि हात वर करणं यात फरक काय, हा प्रश्न विट्गेनश्टाइननं आमच्या पिढीच्या डोक्यात सोडला. त्याचं एक उत्तर मला दादांच्या खाटेजवळ मिळालं. कुणीतरी धरून हात वर नेला की तो वर जातो. स्वतः अर्धा वीत उचलला की माणूस आपल्याकडे बघतो, आपण पाहिलं का म्हणून.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आमच्याकडे जंगली कबुतराचं रक्त चोळतात. फरक पडलेली माणसं मी स्वतः पाहिलीत.

उत्तर: पाहिली असतीलच, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पहिले काही आठवडे मेंदूची सूज उतरते, अर्धवट दबलेला भाग जागा होतो, आणि पुष्कळांचा हात आपोआप थोडा सुधारतो. या काळात तुम्ही कबुतराचं रक्त लावा, बाभळीला फेऱ्या मारा, नाही तर काहीच करू नका, तेवढी सुधारणा होणारच. श्रेय त्याला, जो त्या वेळी हजर असतो. आमच्या तर्कशास्त्रात याला काकतालीय म्हणतात: कावळा बसला आणि फळ पडलं. कबुतर मरतं ते वेगळं, पण खरं नुकसान असं की ते शोधत फिरण्यात तुमचे पहिले साडेचार तास जातात.

प्रश्न: मग लगेच पहिल्या दिवसापासूनच जोरात व्यायाम केला तर?

उत्तर: तसंही नाही. 'अव्हर्ट' नावाची मोठी चाचणी झाली, 2104 रुग्ण, 2015 साली निष्कर्ष आले. पहिल्या 24 तासांत वारंवार आणि जास्त उठवलं-चालवलं त्यांचा परिणाम उलट थोडा वाईटच आला. पहिल्या दिवसांत किती आणि काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्यांनी एक मात्र पहिल्या दिवसापासून करावं: उठवताना, कूस बदलताना लुळा हात धरून ओढू नका. स्नायूंनी धरलेला नसल्यामुळे खांदा निसटतो, आणि मग जे दुखणं लागतं त्यानं माणूस हात हलवायचंच सोडून देतो. हाताखाली उशी द्या, लोंबकळू देऊ नका.

प्रश्न (एक भगिनी): आमच्या मालकांना दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत आलं तेवढं आलं. आता काहीच नाही का?

उत्तर: ताई, सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन-सहा महिन्यांत येतो हे खरं. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. वर्षा-दोन वर्षांनी सराव सुरू करून ज्यांना फायदा झाला असे रुग्ण अभ्यासांत आहेत. बोटं थोडीतरी उघडतात का त्यांची? ... उघडतात म्हणताय, मग एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, मनगट किती वर जातं ते मोजून घ्या आणि मग ठरवा. आरसाही विचारा त्यांना. डॉ. रामचंद्रन नावाचे आपलेच शास्त्रज्ञ अमेरिकेत आहेत, त्यांची कल्पना: आरसा मधे उभा ठेवून चांगला हात हलवायचा आणि दुबळाच हलतोय असं बघायचं. काहींना फायदा होतो. आरसा घरात असतोच. आणि ते गप्प बसून राहत असतील, जेवण कमी झालं असेल, रात्री झोप नसेल तर तेही सांगा. पक्षाघातानंतर जवळजवळ तीनातल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर उपचार असतात, आणि मन नसलं तर हात हलत नाही. बीपीची गोळी चालू आहे ना? ... पैसे नव्हते म्हणून महिन्यापूर्वी बंद केली म्हणताय. ताई, हाताचं सगळं राहू द्या, उद्या सकाळी आधी सरकारी दवाखान्यात जा. गोळी तिथं फुकट मिळते.